नवऱ्याच्या नंबरावर

वहिनींना त्यांच्या नावानं हाक मारणारी माणसं आता बोटावर मोजण्याइतकीच उरली आहेत. नवरा बाथरूमच्या गळतीची कामं घ्यायचा, हाताखालचे सगळे त्याला दादा म्हणायचे, म्हणून या वहिनी. पुढे गिऱ्हाईकं वहिनी म्हणायला लागली, सिमेंटचा दुकानदार म्हणायला लागला, आणि एकदा तर सख्ख्या धाकट्या भावानं चारचौघांत "वहिनी, जरा इकडे या" अशी हाक मारली आणि लगेच जीभ चावली.

लग्नाआधी त्या चपलांच्या दुकानात काम करायच्या. गळती हा काही शिकण्याचा विषय आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. लग्नानंतर घरात फोन वाजायला लागला आणि तो उचलणं त्यांच्या वाट्याला आलं. लोक फोनवर काहीही सांगायचे. कुणी म्हणायचं भिंतीला घाम येतो, कुणी म्हणायचं छत रडतं. वहिनींनी हळूहळू उलट विचारायला सुरुवात केली. ओल कायमची असते की आंघोळीनंतर वाढते? वरचे लोक परगावी गेले की थांबते का? डाग कडेनं पिवळा आहे की हिरवा? दादाच्या हातात पत्ता पडेपर्यंत अर्धं निदान झालेलं असायचं. मग एकदा दादाच म्हणाला, "तू बरोबरच चल ना. नाहीतरी तिथे जाऊन मी तुलाच फोन करतो."

दादाच्या हातात कसब होतं, पण धीर नव्हता. दिसली ओल की घे छिन्नी, फोड भिंत. वहिनी मधल्या बोटाचं पेर टाइलवर वाजवत भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायच्या. भरीव, भरीव, भरीव, पोकळ. तिथे पेन्सिलीनं फुली. नुसत्या फुल्या बघून मिस्त्री काम करायचे. हे मिस्त्री म्हणजे दादाच्या पहिल्या दिवसापासूनचा माणूस, दिवसाला दहा वाक्यं बोलले तरी त्यांना जास्त झालं असं वाटायचं. अंदाजपत्रक वहिनींच्या अक्षरात असायचं, खाली सही दादाची. कारण अशी कामं घेण्याचा सरकारी परवाना दादाच्या नावावर होता.

तो परवाना दादानं लग्नानंतर दुसऱ्या वर्षी परीक्षा देऊन मिळवला होता. पुस्तक घेऊन प्रश्न विचारायला वहिनीच बसायच्या. पाचसहा वर्षांनी दादा म्हणाला होता, "तूही परीक्षा देऊन टाक." तेव्हा वहिनींनी उडवून लावलं. "एका घरात दोन परवाने कशाला? एकाला टेम्पोवर जागा पुरत नाही." टेम्पोच्या दोन्ही बाजूंना रंगानं लिहिलं होतं: गळती, ओल, बाथरूमची सर्व कामे. त्याखाली परवाना क्रमांक आणि त्याखाली घरचा फोन.

दादा गेला तो एका साध्या मंगळवारी, दुपारी, घरात बुटाची नाडी बांधता बांधता. छातीत कळ आली म्हणाला, खुर्चीला टेकला, तो टेकलाच. घरात त्या वेळी वहिनी, सासूबाई आणि कॉलेजातून नुकतीच आलेली मुलगी. दोन बाथरूमं उघडी पडलेली होती. तीन आठवड्यांनी वहिनी आणि मिस्त्रींनी जाऊन ती पूर्ण केली. तोवर फोन येतच होते. एकाला नाही म्हणता आलं नाही, मग दुसऱ्याला म्हणण्यात काही अर्थ राहिला नाही. असं दीड वर्ष गेलं.

मधे परवाना कार्यालयाचं पत्र आलं होतं. परवानाधारकाचं निधन झाल्याची नोंद झाली आहे, नव्वद दिवसांत परवाना बंद होईल, चालू कामं वारसांना पुरी करता येतील, नवीन काम घेऊ नये, जाहिरात करू नये. पुढे वहिनींना कुणी विचारलं की पत्र वाचलं नव्हतं का, तर त्या सरळ सांगायच्या, "वाचलं होतं. दोनदा वाचलं होतं." वाचून त्यांनी ते मृत्यूच्या दाखल्यांच्या जोडीला कपाटाच्या खणात ठेवलं आणि घरात कुणाला सांगितलं नाही. मुलीचं शेवटचं वर्ष होतं, सासूबाईंची औषधं होती, मिस्त्रींचं घर याच कामावर होतं. ही कारणं खरी होती. पण आतलं कारण वेगळं होतं. तो परवान्याचा नंबर आपलाही आहे, असं त्यांना वाटायचं.

एका सकाळी एका गृहस्थाचा फोन आला. बाथरूमची भिंत ओली आहे, बघून जाल का? वहिनींनी नेहमीचे प्रश्न विचारले. गृहस्थाची उत्तरं कागदावरून वाचल्यासारखी येत होती.

"वरती कोण राहतं?"

"वरती… राहतात."

"कोण राहतात?"

"लोक."

एकटा माणूस असेल, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलत नसेल, असं म्हणून वहिनींनी पत्ता लिहून घेतला.

घर एका ओळीतल्या सारख्या घरांपैकी तिसरं, तळमजल्यावरचं. दार उघडलं एका चष्मेवाल्या गृहस्थानं. आत सोफा होता, पडदे होते, भिंतीवर डोंगराचं चित्र होतं, पण घराला वास नव्हता. ना फोडणीचा, ना साबणाचा, ना औषधाचा. बाथरूममध्ये साबण वेष्टनातच होता आणि टॉवेलच्या घड्या दुकानातल्या तशाच. वहिनींनी भिंतीवर तळवा ठेवला. भिंत छातीच्या उंचीला ओली, आणि खाली गुडघ्यापाशी ठणठणीत कोरडी. पाणी तर खाली जातं. त्यांनी आसपास बोट वाजवलं. सगळं भरीव.

"साहेब, ही भिंत गळत नाही," त्या म्हणाल्या. "हिच्यावर कुणीतरी पाणी मारलंय."

 गृहस्थांनी एकदा स्वयंपाकघराच्या बंद दाराकडे पाहिलं. वहिनींनाच अवघडल्यासारखं झालं. "घरात मुलं असतील तर खेळताना उडालं असेल. इथे काही करायला नको. दोन दिवस खिडकी उघडी ठेवा, वाळेल."

"चला वहिनी," मिस्त्री मागून म्हणाले. पुढे कितीतरी दिवस वहिनींच्या डोक्यात हे दोन शब्द फिरत राहिले.

गृहस्थांना तेवढ्यात पुढचं वाक्य आठवलं असावं. "बरं, पण बाथरूम जुनं झालंय. सगळं नव्यानं करायचं म्हटलं, तर किती खर्च येईल?"

वहिनी थांबल्या. बेसिनच्या मागच्या टाइल त्यांनी वाजवून पाहिल्या, तर चार टाइल पोकळ. आत नळाचा सांधा खरोखरच झिरपत होता, फार नाही, पण झिरपत होता. "हे मात्र करून घ्या," त्या म्हणाल्या. मापं घेतली, कागद मांडीवर ठेवून आकडे लिहिले, खाली दादाच्या सहीची जागा सोडून कडेला सही केली.

"परवाना आहे ना तुमच्याकडे?" गृहस्थांनी विचारलं.

"आहे की. टेम्पोवर लिहिलाय बघा."

तेव्हा स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि एक पस्तिशीतली बाई हातात फाइल घेऊन बाहेर आली. तिनं गळ्यातलं ओळखपत्र पुढे केलं. परवाना कार्यालयाची अधिकारी; घरही त्याच कार्यालयानं बिनपरवाना माणसं पकडायला मांडलेलं. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "ताई, आत येऊन बसा. तुमचे मिस्त्री बाहेर थांबले तरी चालेल, त्यांचं काही नाही."

स्वयंपाकघरात शेगडी नव्हतीच. ओट्याला लागून प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्यावर आधीच चौघं जण बसले होते: एक रंगारी, एक छपराची कामं करणारा, आणि दोघे भाऊ, विजेची कामं करणारे. रंगारी जरा सरकून म्हणाला, "या, जागा आहे. तुम्हाला काय दाखवलं?"

"ओली भिंत."

"मला हॉल रंगवायचाय म्हणाले. हॉल गेल्याच महिन्यात रंगवलेला आहे, नखाला रंग लागतो अजून. तरी मी म्हटलं, फारच खराब झालाय, तीन हात मारावे लागतील." दोघे भाऊ हसले. छपरावाला मान खाली घालून बसला होता, त्याला हसू आलं नाही.

अधिकारी बाईंनी वहिनींसमोर खुर्ची ओढली. "हा नंबर कुणाचा?"

"आमच्या ह्यांचा."

"ते कुठे असतात?"

वहिनींनी सांगितलं. बाईंची लिहिती लेखणी क्षणभर थांबली आणि पुन्हा चालायला लागली. मग त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या, पाठ केलेल्या धड्यासारख्या पण समजतील अशा. परवाना नसताना टेम्पोवर जाहिरात करणं हा एक गुन्हा. परवान्याशिवाय ठरावीक रकमेपेक्षा मोठ्या कामाचा दर देणं हा दुसरा. आणि दुसऱ्याचा नंबर आपला म्हणून सांगणं हा तिसरा, तो सगळ्यांत वाईट, कारण तो कोर्टात जाऊ शकतो. जाहिरातीचा दंड पहिल्या खेपेला ठरलेला असतो, पुढच्या खेपेला वाढत जातो. जाहिरात काढली नाही, तर फोनसुद्धा बंद करवता येतो.

"काम आमचं चांगलं आहे," वहिनी म्हणाल्या. बोलल्यावर त्यांना स्वतःलाच ते केविलवाणं वाटलं.

"असेल," बाई म्हणाल्या. "भिंत गळत नाही असं सांगणाऱ्या या घरात आजवर तुम्ही पहिल्याच. पण ते लिहायला या फॉर्मात रकाना नाही."

घरी सासूबाई वाटच पाहत होत्या. त्यांचं वय पंच्याहत्तरीच्या पुढे, कान तीक्ष्ण आणि जीभ त्याहून.

"पकडलं म्हणजे? तू काय चोरी केलीस?"

"परवाना नव्हता, आई."

"होता की. माझ्या मुलाचा होता."

"ते गेल्यावर तो बंद झाला. पत्र आलं होतं."

"कधी?"

"गेल्या वर्षी."

 सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे वर्षभर तू एकटीच हे पोटात घेऊन हिंडत होतीस. मला सांगितलं असतंस, तर निदान दोघींनी काळजी केली असती." एवढं बोलून त्या आत गेल्या आणि त्या दिवशी पुन्हा बोलल्या नाहीत. वहिनींना दंडापेक्षा ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी थिनर आणि चिंध्या घेतल्या आणि टेम्पोवरची अक्षरं स्वतःच्या हातानं पुसली. रंग जुना, मुरलेला. दोन तास लागले, तरी उन्हात तिरकं पाहिलं तर नंबर वाचता येत होता. मग मुलीनं वरून करडा रंग मारला. राहिला फोन. कुणी विचारलं तर काम बंद आहे एवढंच सांगायचं, असं सासूबाईंना पढवून ठेवलं होतं. त्या सांगायच्याही. "काम बंद आहे," म्हणायच्या आणि फोन ठेवायचं सोडून विचारायच्या, "पण आंघोळीनंतर वाढते का ओल? मग वरच्याचं बाथरूम बघा." बावीस वर्षं ऐकून त्यांनाही सगळं पाठ झालं होतं. वहिनींनी हात जोडले तेव्हा त्या म्हणाल्या, "मी काही जाहिरात करत नाही. मी गप्पा मारते."

खरी पंचाईत होती ती एका अर्धवट कामाची. एक निवृत्त परिचारिका एकट्या राहायच्या, गुडघे गेलेले, घरात एकच बाथरूम आणि तेच फोडून ठेवलेलं. फरशीखालचा कोबा आणि त्यावरचा पाणी रोखणारा थर झाला होता, टाइल लागायच्या होत्या. बाई शेजारणीकडे आंघोळीला जात होत्या. वहिनींना फोनवर सांगणं जिवावर आलं, म्हणून त्या स्वतः गेल्या आणि दारातच सगळं सांगून टाकलं.

परिचारिकाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "मी तुम्हाला का बोलावलं, माहीत आहे? तुमच्या टेम्पोवर नंबर होता म्हणून. दोघांना मी परत पाठवलं, त्यांच्याकडे नव्हता."

"हो."

"म्हणजे पाटी खोटी होती."

"हो."

"आणि काम?"

"काम खरं आहे."

"ते मला कसं कळणार?" बाई म्हणाल्या. "मी तीस वर्षं लोकांना सुया टोचल्या. माझ्या भिंतीवर नोंदणीचा कागद टांगलेला असायचा, म्हणून लोक बाही वर सारायचे. माझा हात हलका आहे की जड, हे त्यांना आधी कुठे माहीत असायचं?"

 काम पुरं करून देईल असा परवाना असलेला माणूस मी उद्यापर्यंत आणते, एवढंच वहिनी म्हणाल्या. असा माणूस त्यांना एकच माहीत होता, आणि त्याच्याकडे जाणं म्हणजे नाक मुठीत धरून जाणं होतं.

त्याला लोक लेव्हलकाका म्हणायचे. सदऱ्याच्या खिशात बुडबुड्यावरून सपाटी दाखवणारी छोटी लेव्हल कायम खोचलेली. चहाच्या दुकानात बसले, तरी आधी ती टेबलावर ठेवून टेबल कुठे कललंय ते दुकानदाराला सांगणार. त्यांच्यात आणि दादात बारा वर्षं बोलणं नव्हतं. एका वसतिगृहाच्या बाथरूमांचं काम काकांच्या तोंडाशी आलेलं दादानं पळवलं होतं, असं काका म्हणायचे. कमी दराचं अंदाजपत्रक देण्याला पळवणं म्हणत नाहीत, असं दादा म्हणायचा. ते अंदाजपत्रक वहिनींचं होतं.

वहिनींनी फोन केला. काका फार काही न विचारता "येतो" म्हणाले. आले, कोब्यावर लेव्हल ठेवली, सरकवली, पुन्हा ठेवली. मग पाणी जायची जाळी बंद केली, बाथरूममध्ये चार बोटं पाणी भरलं आणि दोन दिवसांनी येतो म्हणून गेले. दोन दिवसांनी पाण्याची पातळी तेवढीच, खालच्या घराचं छत कोरडं. काकांनी पाणी सोडून दिलं. "टाइल लावतो," ते परिचारिकाबाईंना म्हणाले. "खालचं काही फोडायला नको."

काम संपलं त्या दिवशी पायरीवर बूट घालताना काका वहिनींना म्हणाले, "तुम्हाला एक सांगायचंय. तक्रार मी केली होती."

वहिनींनी हातातली चिंधी पायरीवर ठेवली.

"दादा होता तोवर कधी केली नाही. भांडण माझं नि त्याचं होतं, पण त्याच्याकडे परवाना होता. मेलेल्या माणसाच्या नंबरावर काम चाललंय हे मला बघवेना. उद्या कुठे काही पडलं, कुणाला लागलं, तर जाब विचारायचा कुणाला?"

"मला फोन करून सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असतात?"

वहिनींनी खोटं बोलायचा विचार केला. "नाही," त्या म्हणाल्या आणि निघून आल्या. त्यानंतर बरेच दिवस काकांचा विषय निघाला की त्या उठून दुसऱ्या खोलीत जायच्या.

सुनावणीच्या दिवशी त्यांनी काहीच नाकारलं नाही. पत्र वाचलं होतं, नंबर माहीत होता, पोटासाठी चालू ठेवलं, पण ते चुकीचं होतं हे कळत होतं. समोरच्या साहेबांना असं ऐकायची सवय नसावी, त्यांनी दोनदा विचारून घेतलं. जाहिरातीचा दंड पुरा लागला, घराचे दोन महिने ओढगस्तीत जातील इतका. नंबर वापरल्याचं प्रकरण समज देऊन मिटवलं, कोर्टात पाठवलं नाही. बाहेर बाकावर तोच छपरावाला बसला होता. त्याची ही तिसरी खेप होती, म्हणून त्याचं कोर्टात जाणार होतं. तो म्हणाला, "मला लिहिता येत नाही नीट. परीक्षा कशी देऊ?" वहिनींनी त्याला तोंडी परीक्षेची सोय असते का ते खिडकीवर विचारून यायला सांगितलं. सोय होती. त्यानं पुढे ती घेतली की नाही ते त्यांना कधी कळलं नाही, पण त्याला खिडकीवर पाठवताना आपण स्वतःचा फॉर्म का मागत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं.

फॉर्म मिळाला आणि नाकी नऊ आले. परीक्षेला बसायचं, तर चार वर्षांच्या कामाचा दाखला हवा. खिडकीवरच्या कारकुनानं विचारलं, "नोकरी कुठे होती?"

"घरचंच काम होतं. नवऱ्याबरोबर."

"पगाराचा कागद?"

"नवऱ्याकडून?"

कारकून हसला नाही. दादाच्या सगळ्या कागदांवर वहिनींच्या नावापुढे एकच शब्द होता, गृहिणी. बावीस वर्षांत शेकडो अंदाजपत्रकं त्यांनी लिहिली होती आणि एकावरही त्यांचं नाव नव्हतं. त्या ओल्या भिंतीच्या घरातल्या अधिकारी बाई शेवटी मदतीला आल्या. त्यांनी नियम काढून दाखवला: ज्याच्याकडे चालू परवाना आहे आणि ज्यानं काम स्वतः पाहिलंय, असा कुणीही दाखला देऊ शकतो.

मुलगी म्हणाली, "आई, असा एकच माणूस आहे."

"त्याच्या दारात मी जाणार नाही."

"मग मी जाते."

"तू तर नाहीच."

सासूबाई आतून म्हणाल्या, "मी जाऊ का? लेव्हल घेऊन येते त्याची हिसकावून."

शेवटी वहिनीच गेल्या. काकांनी फॉर्म वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. वहिनी बोलायला सुरुवात करणार, तोच काका म्हणाले, "बारा वर्षं गिऱ्हाईकं मला तुमचं अंदाजपत्रक दाखवून म्हणायची, बघा, ते हे एवढ्यात करतात. दादाचं अक्षर मला माहीत होतं, कोंबडीनं उकरल्यासारखं. हे अक्षर कुणाचं ते मला पहिल्याच वर्षी कळलं." त्यांनी सही केली आणि तारीख घातली. मग म्हणाले, "परवाना येईपर्यंत काय करणार?"

"बघते."

"माझ्याकडे या. पगारावर. त्याला परवाना लागत नाही. मिस्त्रींनाही घेऊन या."

वहिनींना हो म्हणायला चार दिवस लागले. काकांकडे त्यांनी दहा महिने काम केलं आणि त्या दहा महिन्यांत दोघांची रोज वादावादी झाली. काका म्हणायचे, उतार नीट असला की गळती होतच नाही. वहिनी म्हणायच्या, उतार नीट असलेल्या तीन घरांत आपण याच महिन्यात गळती काढली. मिस्त्री दोघांच्या मधे बसून टाइल कापायचे. त्यांना विचारलं तर म्हणायचे, "पाणी येतंय, एवढं खरं." काकांनी वहिनींना कधी वहिनी म्हटलं नाही, बाई म्हणायचे. तक्रारीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. राग गेला होता असं नाही. पण कामाच्या धबडग्यात तो रोज काढून बघायला वेळ मिळत नव्हता.

परीक्षेचे पेपर दोन, एक कामाचा आणि एक कायद्याचा. रात्री जेवणं झाली की मुलगी पुस्तक घेऊन प्रश्न विचारायची. कामाच्या पेपरात वहिनींना मार्क भरभरून मिळाले आणि कायद्याच्या पेपरात त्या आपटल्या. जाहिरातीचेच दोन प्रश्न चुकले. दादाच्या वेळचे नियम त्यांच्या डोक्यात पक्के बसले होते आणि मधल्या काळात ते बदलले होते. घरी येऊन सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "दंड भरूनही तेच चुकलीस?" मुलीला हसू आवरेना, आणि मग वहिनींनाही. तीन महिन्यांनी त्या पुन्हा बसल्या आणि पास झाल्या.

परवान्याचा कागद टपालानं आला. त्यावर त्यांचं पूर्ण नाव छापलेलं होतं. मिस्त्रींनी तो हातात घेऊन वाचला आणि म्हणाले, "हे नाव होय तुमचं." इतकी वर्षं बरोबर काम करून त्यांना ते माहीतच नव्हतं.

काकांकडचा हिशोब चुकता करून वहिनी मिस्त्रींसह बाहेर पडल्या. स्वतःच्या परवान्यावरचं पहिलं काम एका केशकर्तनालयाचं निघालं. मागच्या खोलीतल्या संडासाची भिंत ओली होती. दुकानदार दारात उभा होता. त्यानं टेम्पोकडे पाहिलं, मिस्त्रींकडे पाहिलं, मग वहिनींना विचारलं, "मालक मागून येतायत का?"

"कुठे ओल आहे, दाखवा," वहिनी म्हणाल्या.

त्यानं दाखवलं. ओल तिथली नव्हतीच. ती शेजारच्या शिंप्याच्या दुकानातून येत होती, आणि शिंपी म्हणत होता की माझा नळ कोरडा आहे. वहिनींनी स्वतःचा अर्धा दिवस फुकट घालवून शिंप्याकडची भिंत वाजवली आणि फुली मारून दिली. चार दिवस काम चाललं. शेवटच्या दिवशी पावती लिहायला घेतली, तेव्हा सही करताना त्यांचा हात थांबला. दादाची सही जिथे असायची, ती जागा त्यांनी सवयीनं मोकळी सोडली होती.